रानपिंगळ्याची खोटी नोंद

हिवाळ्याच्या पहाटे रंकाळ्याच्या वा कळंब्याच्या काठी दुर्बीण घेऊन उभे राहणारे कोल्हापूरचे पक्षिमित्र स्थळ, तारीख व संख्या वहीत टिपून ठेवतात. ही काटेकोरी कशासाठी, हे खानदेशातील रानपिंगळा या छोट्या घुबडाच्या हकीकतीवरून उमगते.

जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ साली खानदेशात त्याचा नमुना मिळवला. त्यानंतरचा म्हणून एकच नमुना सांगितला जाई. मांडवी, गुजरात, १९१४. तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला. सलीम अलींसारख्या जाणत्यांचाही शोध निष्फळ ठरला. पुढे पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला. डेव्हिडसन यांचाच पक्षी लंडनच्या संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती! दुसऱ्याचा माल आपल्या खाती जमा दाखवावा, तसाच हा प्रकार. बुडाले ते मात्र शोधणाऱ्यांचे श्रम.

ती नोंद बाद करून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागी निघाले. पूर्वेकडील रानांत काहीच हाती लागले नाही. मग ते सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी किंग यांची नजर एका निष्पर्ण झाडावर गेली. रानपिंगळा दिवसाउजेडी वावरतो. तो तिथे उघड्यावरच बसला होता, तब्बल ११३ वर्षांनी.

मेळघाटातही तो पुढे आढळला आणि २०१४ मध्ये थेट ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात.