श, ष, स आणि फिल्टर

गेला आठवडाभर आमच्या घरात एकच आवाज घुमतोय. ‘वॉऽऽव’ असा. नातवाची परीक्षा आटोपली आणि तो दिवसभर कॉम्प्युटरवर गाणी ‘बनवतो’. (आमच्या वेळी गाणी बसवायचे, आता बनवतात. असो.)

परवा न राहवून विचारलं, "अरे, हे विहिरीतून वर आल्यासारखं काय वाजवतोयस?"

स्वारी खूश! "आजी, याला फिल्टर स्वीप म्हणतात. बस, दाखवतो."

तर मंडळी, मला समजलं ते असं. बहुतेक आवाजांत कमी-जास्त वेगाची कंपनं मिसळलेली असतात. माणसाचा धडधाकट कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची ऐकतो. ‘लो-पास’ फिल्टर म्हणजे गाळणीच. ठरवलेल्या आकड्याच्या खालची जाऊ देते, वरची अडवते. त्या आकड्याला म्हणतात कटऑफ. तो २०० वर ठेवला की गाणं शेजारच्या घरात लागल्यासारखं नुसतं धुम् धुम् येतं. मग तो हळूहळू १८,००० पर्यंत न्यायचा. जणू दार उघडून गाणं आत येतं! बटण हातानं फिरवत बसायला नको. एफएल स्टुडिओत कटऑफवर राइट-क्लिक करून ‘क्रिएट ऑटोमेशन क्लिप’ निवडलं की एक रेघ मिळते. ती जशी चढवू तसा कटऑफ आपोआप चढतो. शिवाय ‘रेझोनन्स’ वाढवला की कटऑफजवळचे सूर फुगतात आणि तो ‘वॉव’ उमटतो.

"अरे, हे तर आपण तोंडानं करतो!" मी म्हटलं. एकाच सुरात ऊ-ओ-आ-ए-ई म्हणून बघा. सूर तोच, तोंडाची पोकळी बदलते तसा आवाज बदलतो. तो बघतच राहिला. आजीला एक गुण!

मग तो म्हणाला, "आता डोळे मीट. आवाज उघडायचा थांबला की हात वर कर." रेडिओच्या दोन स्टेशनांमधली असते तशी खरखर त्यानं लावली. ती उघडत गेली, उघडत गेली, थांबली. मी हात वर केला.

तो काही बोलेना. डोळे उघडले तर आकडा होता चार हजारांच्या आसपास, आणि रेघ अजून चढतच होती. त्याला ऐकू येत होतं. मला नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कानांचा आलेख काढून दिला होता. डावीकडून सरळ येऊन उजवीकडे घसरगुंडीसारखा उतरलेला. यंत्र लावा म्हणाले. मी तो कागद कपाटात ठेवला आणि सूनबाईला म्हणत राहिले, "जरा स्पष्ट बोलत जा गं!" ती बिचारी स्पष्टच बोलत होती. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते मला येतात. स, श, फ यांची फुसफुस बरीचशी वर, चार हजारांच्याही पुढे. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही.

तीस वर्षं मराठी शिकवलं. श, ष, स यांच्या उच्चारांवरून मुलांना उभं केलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक बुजरा मुलगा पाठांतर म्हणताना मला सगळे ‘स’ खाल्ल्यासारखा वाटला. मी त्याला तीनदा म्हणायला लावलं. वर्ग हसला. तो रडवेला होऊन म्हणाला, "बाई, मी नीटच म्हणतोय." मी त्याला उलट उत्तरासाठी बाहेर उभं केलं.

माझी रेघ किती वर्षं उतरत होती कोण जाणे. नातवाची गाळणी काही सेकंदांत उघडते, माझी इतकी हळू बंद झाली की मला ती जगाचीच पुटपुट वाटली. तो मुलगा आता पस्तिशीत असेल. कदाचित नीटच म्हणत होता. बाळा, चुकलं माझं.

रात्री कागद कपाटातून काढला. सूनबाईला म्हटलं, "सोमवारी नेशील का?" ती काहीतरी म्हणाली. मला फक्त ‘ओ’ ऐकू आला. पण मान हलली होती, म्हणजे ‘हो’च असणार. :)

नातेवाईक मंडळींनी तोवर फोनवर जरा सावकाश बोलावं, ही विनंती. ओरडू मात्र नका, ते सगळं ऐकू येतं!