मिरजेला ताईकडे

थोरल्या ताईला क्षय झाल्याचे कळले तेव्हा आमच्या घरी दोन दिवस चूल नीट पेटली नाही. औषधांचे दोन महिने पुरे झाले, थुंकीची तपासणी चांगली आली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला आणि भेटून यायचे ठरले. धाकटा भाऊ पुण्यात टुरिस्ट गाडी चालवतो. रविवारचे भाडे सोडून त्याने गाडी काढली. आम्ही, आमच्या सौ. आणि धाकटा असे तिघे पहाटेच निघालो. बरोबर शेंगदाण्याचे लाडू, दोन डझन अंडी आणि खारीक.

खंबाटकीच्या घाटात मालट्रकांमागे गाडी रांगत होती. साताऱ्यात उतरून कंदी पेढे घेतले. याच गावच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव दाखल झाले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पुढे उंब्रजला मसूरचा फाटा लागतो. १९०१ साली, गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीमराव भावाभाच्यांसह साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्टेशनावर उतरला होता. जात कळताच बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे आणि गाडी पोरांनीच हाकायची, या अटीवर एकजण तयार झाला. जवळ जेवण होते, पण पाणी देणारा कोणी भेटला नाही, म्हणून पोरे रात्री उपाशीच झोपली. बाबासाहेबांनीच आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. आमच्या गाडीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन होता. फाटा मागे पडेपर्यंत कोणी काही बोलले नाही.

कराडला कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात. परतताना संगम पाहू म्हणून पुढे गेलो (तो राहिलाच). पेठ नाक्यावरून वळून आष्टा, मग हळदीच्या बाजारपेठेची सांगली. दुतर्फा ऊस. मिरजेत शिरलो तेव्हा ऊन चढले होते. सतारीच्या दुकानांबाहेर मोठाले भोपळे वाळत होते. भोपळ्याची सतार होते, हे आमच्या सौ.ना पहिल्यांदाच कळले.

ताई दारातच उभी होती. गालाची हाडे अजून वर आहेत, पण डोळ्यांत तेज आले आहे. जयभीम झाला, पाणी झाले. जेवायला बसलो तर तिने स्वतःसाठी कोपऱ्यातले जर्मनचे ताट आणि पेला काढला. सासूबाईंनी दुखणे कळल्यापासून वेगळे ठेवलेले. “राहू दे रे, सवय झाली,” म्हणाली. ज्या घरांतल्या आजी-पणजीला वरून ओंजळीत पाणी घ्यावे लागले, त्याच घरात वेगळे ताट! धाकटा उठला आणि तिच्या ताटात जेवायला बसला. सासूबाई पाहत राहिल्या.

सासूबाई वाईट नाहीत, भ्यालेल्या आहेत. त्यांना आम्ही शांतपणे सांगितले, ते इथेही सांगतो. क्षय खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताट, पेला, कपडे यांतून नाही. नेमाने औषध घेतले तर साधारण दोन आठवड्यांत लागण होण्याची भीती पुष्कळ कमी होते. मात्र साध्या क्षयालाही औषध सहा महिने लागते. खोकला थांबला म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. गोळ्यांनी लघवी तांबूस होते, त्याला घाबरू नये. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते आणि सकस आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना हजार रुपये बँकेत जमा होतात, आधी पाचशे होते. माता-भगिनींनी हे पैसे जरूर मागून घ्यावेत. ताईने अजून खात्याचा नंबर दिला नव्हता. दाजींनी दुसऱ्याच दिवशी नेऊन देण्याचे कबूल केले.

निघताना सासूबाईंनी ताटे घासायला एकत्र टाकली. बोलल्या काही नाहीत. अजून चार महिन्यांच्या गोळ्या आहेत. शेवटच्या तपासणीला येतो, असे धाकट्याने ताईला सांगितले आहे.