चार पावलांवरून

पहिली दोन वर्षं मी पुण्याच्या मंडईत २०० मिलिमीटरची लेन्स घेऊन फिरलो. खांबाआड उभं राहायचं, लांबचा चेहरा जवळ ओढायचा आणि पुढच्या गाळ्याकडे वळायचं. एका सकाळी लिंबंवाल्या मावशींनी मला पकडलंच. "लांबनं काय काढतोस रे? हितं ये, बस." बसलो. फोटो काढायचा धीर काही झाला नाही. लिंबांचा एक वाटा घेऊन घरी आलो.

रात्री जुने फोटो काढून बसलो. चेहरे लख्ख, मागे नुसतं धुकं. १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून सुरू झालेली ती दगडी इमारत, तिचा अष्टकोनी मनोरा, वरून उतरणारा उजेड, यातलं काहीच नव्हतं. ही माणसं पुण्यातली आहेत हे सांगणारं काही नव्हतं.

तेव्हापासून ३५ मिलिमीटरची एकच लेन्स. तिच्यात चेहरा हवा तर चार पावलांवर जावं लागतं, आणि इतक्या जवळ गेलं की बोलावंच लागतं. अॅपर्चर आठवर, फोकस दोन मीटरवर आधीच लावून ठेवतो, म्हणजे बोलता बोलता हात आपलं काम करतो. छायाचित्रकार कार्तिये-ब्रेसाँच्या १९५२ च्या पुस्तकामुळे 'निर्णायक क्षण' हा शब्द जगभर रुजला. मला मात्र ओढ दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या भेटीची. झोपलेल्या, रडणाऱ्या माणसाचा फोटो मी काढत नाही. पालखीच्या दिवशी दमून टेकलेल्या म्हाताऱ्या वारकरी बाईंभोवती सहा कॅमेरे वाकलेले पाहिले की जीव तुटतो.

कसब्यातल्या तांबट आळीत तर तीन महिने कॅमेरा पिशवीतच राहिला. तिथे ठोक्यांच्या आवाजात बोलणं ओठांवरून वाचावं लागतं. मठारकाम करणारे एक काका हंडा फिरवत हातोडी मारत जातात. ठोक्याशेजारी ठोका, ओळीखाली ओळ. मधेच थांबून अंगठा फिरवतात, डोळे मात्र दुसरीकडेच. तो अंगठा मी टिपला.

छापलेला फोटो घेऊन गेलो. काकांनी तो दाराच्या उजेडात तिरका धरला, बराच वेळ पाहिला. मग बोट ठेवलं.

"ही तिसरी ओळ हललीय बघा. तुम्ही बोलत होतात तेव्हा."