सव्वाशे लिटर समुद्र

सेवानिवृत्त माणसाला एखादा छंद असावा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. छंदाला पैसे लागतात, हे मात्र कोणी सांगत नाही. मला छंद लागला तो माझ्या नऊ वर्षांच्या नातीमुळे. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. माझ्या लहानपणी बाबांनी मला एकदा ते दाखवले होते. निळसर उजेडात तरंगणारे तिथले मासे मी कधी विसरलो नाही. त्यांचे वर्णन नातीने माझ्याकडून इतक्यांदा ऐकले, की २०१९ च्या पावसाळ्यात तिने हट्टच धरला, "आजोबा, आपल्याही घरी समुद्राचे मासे हवेत."

निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडून मी आठ हजार रुपयांची मर्यादा घातली आणि घाईने कामाला लागलो. गावातल्या काचवाल्याकडून तीन फूट लांबीची टाकी करून घेतली. ऑगस्टमधल्या एका रविवारी मिस्सा आटोपून किनाऱ्यावर गेलो आणि कॅन भरभरून पाणी आणले. त्याच संध्याकाळी दुकानातून तीन मासे आणून टाकीत सोडले. नात रात्री उशिरापर्यंत काचेला नाक लावून बसली होती.

चौथ्या दिवशी सकाळी तिन्ही मासे मरून पडले. नातीने मला एकच प्रश्न विचारला, "मी त्यांना जास्त खायला घातलं का?" चूक माझी होती आणि अपराधी ती झाली होती. चाळीस वर्षे शिक्षकी करूनही तिला उत्तर देताना माझी जीभ अडखळली.

बाबा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते. उमेदीची सारी वर्षे त्यांनी नायगाव-भाईंदरच्या मिठागरांत काढली होती. आई गेल्यापासून त्यांचे बोलणे खुंटले होते. ओट्यावर बसून राहायचे, विचारले तर 'हो', 'नाही' एवढेच. त्या सकाळी मात्र ते आपण होऊन टाकीपाशी आले. बोट बुडवून त्यांनी पाणी जिभेला लावले आणि म्हणाले, "हे समुद्राचं पाणी नव्हे. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी निम्मं गोडं असतं. आम्ही पाऊस सरल्यावर उधाणाची भरती बघून पाणी घ्यायचो." कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून मी एवढे शब्द ऐकले नव्हते.

मग मी पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले आणि माझी दुसरी, अधिक मोठी चूक कळली. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो त्यांना विषासारखा असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते मासे बऱ्याच प्रमाणात सोसतात. हे अदृश्य चाकर दगडांवर, वाळूत वस्ती करतात. पण ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती वसण्यापूर्वीच पाहुणे बोलावले होते.

दिवाळी झाल्यावर आम्ही पुन्हा आरंभ केला. खाडीचे पाणी आता पूर्वीसारखे स्वच्छ राहिलेले नाही, म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे तयार समुद्री मीठ घ्यायचे ठरले. पत्नी म्हणाली, "एवढे पैसे कशाला? घरात मीठ आहे की!" उत्तर बाबांनी दिले. वाफ्यात मीठ बसले की वर एक कडू पाणी उरते, ते सोडून द्यावे लागते. खाण्याचे मीठ म्हणजे त्या कडू पाण्यातले सारे गमावलेला समुद्र. पुढे वाचनात आले की मॅग्नेशियमचे क्षार असतात ते त्या कडू पाण्यातच. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या वडिलांना ते जिभेने ठाऊक होते.

लिटरला पस्तीस ग्रॅम या मापाने सव्वाशे लिटर पाण्याला सुमारे साडेचार किलो मीठ लागले. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ, म्हणून स्वयंपाकघरातल्या शुद्धीकरण यंत्राचे पाणी थोडे थोडे साठवले. घनता मोजायला काचेचा मापक आणला. तो पाहताच बाबांचे डोळे चमकले. मिठागरातही पाण्याचा दाटपणा असल्याच काट्याने मोजत. १.०२५ चा आकडा नातीने वाचायचा आणि बाबांनी मान डोलवायची.

जिवंत प्रवाळखडक ठेवले तर काम लवकर होईल, असे एका दुकानदाराने सुचवले. परंतु प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय समुद्र ओरबाडून घरात समुद्र मांडण्यात काय अर्थ? जुन्या कुंपणाचे सच्छिद्र काळे दगड घासून, धुऊन आम्ही तळाशी रचले. एक लहान पंप, हवेचा दगड आणि साधा दिवा, एवढाच सरंजाम. प्रवाळ ठेवायचे नव्हते, म्हणून महागडा दिवा वाचला. दोनच मासे ठेवायचे होते, म्हणून मोठी यंत्रे वाचली.

मग रिकाम्या टाकीत सोललेली एक कोळंबी टाकली आणि कुजू दिली. जिवाणूंना खाद्य हवे ना! पत्नीने नाकाला पदर लावला, शेजाऱ्यांनी थट्टा केली. तपासणीच्या थेंबांनी नमुना पिवळ्याचा हिरवा झाला. नात रोज वहीत नोंद करी. तिसऱ्या आठवड्यात तिचा धीर सुटला. तेव्हा बाबा म्हणाले, "पोरी, मीठ घाई केल्यानं बसत नाही. आपण पाणी द्यायचं नि थांबायचं." जिथे जिथे पैसे वाचवता येत होते, तिथे आम्ही वाचवले. हे थांबणे मात्र कशानेच स्वस्त झाले नाही.

सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. नाताळच्या सुट्टीत दोन क्लाउनफिश घरी आले. तेही समुद्रातून धरलेले नव्हेत, टाकीत पैदास झालेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात या माशांची अशी पैदास करून दाखवली आहे.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी तापू लागले, तेव्हा टाकीवर साधा पंखा लावला. वाऱ्याने पाणी निवते, पण उडूनही जाते. पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून घट भरायची ती गोड्या पाण्याने. मीठमिश्रित पाणी लागते ते पंधरवड्याला बारा-पंधरा लिटर पाणी बदलताना. बाबांना हे समजावून सांगावे लागलेच नाही. त्यांनी काचेवर तांबड्या रंगाने एक रेघ ओढली आणि रोज सकाळी तांब्याने त्या रेघेपर्यंत पाणी भरण्याचे काम स्वतःकडे घेतले. भरता भरता ते नातीला मिठागराच्या गोष्टी सांगत. त्यांतल्या निम्म्या मीही कधी ऐकल्या नव्हत्या. खरे म्हणजे, मी कधी विचारल्याच नव्हत्या.

२०२२ साली बाबा गेले. मासे अजून आहेत. रेघ थोडी पुसट झाली आहे. ती पुन्हा गडद करू का, असे मी एकदा नातीला विचारले. ती म्हणाली, "नको आजोबा, दिसते मला." आणि तिने तांब्या उचलला.