मुक्काम सूर्यास्तापूर्वी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या चिरंजीवांचे नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियातून शिकागोला जाण्याचे ठरले, तेव्हा घरसामान पुढे रवाना करून आम्ही पाच जणांनी भाड्याच्या आरव्हीने प्रवास करण्याचे योजिले. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर. शेगडी, शीतपेटी, स्नानगृह आणि झोपण्याच्या जागा, सारे काही आत. अन्नाचा प्रश्न त्यामुळे सुटला होता. महामार्ग ८० वरून सुमारे ३,४०० किलोमीटरचे अंतर, ऑक्टोबरचा आरंभ.

दिवसाच्या वाटचालीची चिंता नव्हती, रात्रीची होती. सौभाग्यवतींना झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे. रात्रभर नाकावर मुखवटा लावून सीपॅप यंत्र चालू ठेवावे लागते, आणि त्याला वीज हवी. तेव्हा ‘कोठेतरी गाडी उभी करू’ असे म्हणून चालणार नव्हते.

तिकडे मुक्कामाच्या जागा नाना प्रकारच्या आहेत. वीज, नळ आणि सांडपाण्याची सोय असलेली सशुल्क शिबिरस्थळे सर्वांत निर्धास्त. सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाच्या मोकळ्या जमिनीवर पुष्कळ ठिकाणी १४ दिवसांपर्यंत विनामूल्य राहता येते; तेथे सोय मात्र कसलीच नाही. महामार्गावरील विश्रांतीस्थळांचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात आठ तास थांबता येते, काही राज्यांत रात्रीचा मुक्कामच वर्ज्य. युटामधील बॉनेव्हिलचे पांढरेशुभ्र मीठाचे मैदान पाहून नातीने तेथेच राहण्याचा हट्ट धरला. परंतु त्या मैदानावर मुक्कामास मनाई आहे. वॉलमार्टसारख्या दुकानांच्या आवारात अनेक ठिकाणी रात्र काढू देतात, पण दुकानाच्या व्यवस्थापकाला विचारूनच. काही द्राक्षमद्याचे मळेही आरव्हीवाल्यांना रात्रीपुरती जागा देतात. त्या वाटेला आम्ही अर्थातच गेलो नाही!

मालकाची अनुज्ञा घेतल्यावाचून वसतीला राहू नये, हा आपल्या साधुसाध्वींचा आचार आपण विहारात नेहमी पाहतो. तो नियम किती व्यवहारी आहे, हे मला परदेशात उमगले. विचारून थांबलेल्या माणसाला मध्यरात्री काचेवर टकटक ऐकण्याची धास्ती उरत नाही.

सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याची आमची सवयही प्रवासात उपयोगी पडली. उजेड असतानाच थांबल्यामुळे जमीन सपाट आहे की उतरती, वर वाळकी फांदी लोंबते आहे का, जवळ कोरड्या ओढ्याचे पात्र आहे का, हे डोळ्यांनी दिसे. सांडपाणी सोडण्याच्या जागेवरचा नळ पिण्याच्या पाण्याचा नव्हे, ही पाटीही अंधारात वाचता येत नाही. पूर्वेकडे जाताना मात्र घड्याळ दोनदा तासाने पुढे सरकते, आणि ठरवलेला मुक्काम त्या मानाने लांब पडतो. सूनबाई रोज दुपारी त्या ठिकाणच्या सूर्यास्ताची वेळ काढून फळीवर लिहीत असे.

वायोमिंगमध्ये ही सारी आखणी पणाला लागली. रॉलिन्स गावापाशी विजेच्या फलकावर सूचना झळकली: जोराचा वारा, हलक्या व उंच वाहनांना पुढचा रस्ता बंद. आमचे आरक्षण लॅरामीला होते, १६० किलोमीटर पुढे. मधला एल्क माउंटनचा टापू वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. सूर्यास्त पावणेसातला, घड्याळात साडेपाच झाले होते. गावातले शिबिरस्थळ आमच्यासारख्याच अडकलेल्यांनी भरून गेले होते.

ट्रकतळावर एक-दोन जागा रिकाम्या दिसल्या. शेजारच्या ट्रकचा चालक पंजाबी निघाला. “पाजी, येथे लावू नका,” तो हिंदीत नम्रतेने म्हणाला. कायद्याने त्यांना अकरा तासांपेक्षा अधिक वाहन चालवता येत नाही, त्यानंतर सलग दहा तास विसावा घ्यावाच लागतो. जागा न मिळाल्यास त्यांना रस्त्याच्या कडेला धोका पत्करून थांबावे लागते. आम्हाला निदान अन्यत्र विचारण्याची मोकळीक होती. आम्ही निघालो.

एका मोठ्या दुकानाच्या व्यवस्थापिकेने आवाराचा लांबचा कोपरा दाखवला. वीज अर्थातच नाही. जनरेटर रात्रभर चालवणे शेजाऱ्यांना त्रासाचे, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना गंध, म्हणून झोपेत जिवाला धोक्याचेही. उरली गाडीची बॅटरी. तिच्यावरच हीटरचा पंखा आणि तिच्यावरच सीपॅप. ऊब की श्वास, असा तो हिशेब होता. चिरंजीवांनी गाडीचे तोंड वाऱ्याकडे केले, म्हणजे झोत आडवा बसत नाही. हीटर बंद केला, यंत्रातील पाणी तापवणारा भागही बंद केला, कारण अधिक वीज तोच खातो. असतील नसतील त्या गोधड्या सौभाग्यवतींच्या अंगावर आल्या.

मी आडतीच्या धंद्यात आयुष्य घालवले. काट्यावर नजर ठेवण्याची सवय आहे. त्या रात्री बॅटरीचा आकडा चार वेळा उठून पाहिला. निजताना १२.६, पहाटे १२.१. गाडी वाऱ्याने हेलकावत होती, आणि त्या आवाजातून यंत्राची संथ फुसफुस ऐकू येत राहिली. सात वाजता सौभाग्यवतींनी मुखवटा काढला आणि चहा मागितला. दुकान उघडताच आम्ही तेथूनच दूध आणि फळे घेतली. जागेचे भाडे घेण्यास त्या बाईंनी नकार दिला होता.

पुढे नेब्रास्का सुरळीत पार पडले. आयोवात शेवटचा मुक्काम एका काउंटी उद्यानात झाला. तेथे रखवालदार नव्हता, कार्यालय नव्हते. लोखंडी पेटीत टाकायची पाकिटे तेवढी टांगलेली. नातीने पाकिटावर गाडीचा क्रमांक लिहिला, आम्ही पैसे आत ठेवले आणि विजेची जोडणी केली. पेटीत पाकीट पडल्याचा आवाज झाला, तेव्हा ऊन अजून मक्याच्या शेतावर होते.