लांब पल्ल्याचं रिमोट

मॉडेल विमानाच्या रिमोटला लावायचं ‘लाँग रेंज मॉड्यूल’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “काका, किती लांब जातं?” विचारणारा आठवीतला मुलगा असो की चिपकंपनीत काम करणारा त्याचा बाप, प्रश्नात फरक पडत नाही. माझं उत्तरही ठरलेलं आहे. तुझं विमान तुला डोळ्यांनी दिसतं तिथवर. अमेरिकेत हौसेखातर उडवणाऱ्याने आपलं मॉडेल नजरेच्या टप्प्यात ठेवायचं, असा कायदाच आहे. आणि वीतभर ड्रोन अर्ध्या किलोमीटरवर गेलं की त्याचा ठिपका होतो. मग वीस-तीस किलोमीटरच्या गप्पा मारणारं मॉड्यूल घ्यायचं कशाला?

घ्यायचं, कारण आपण सांता क्लारात राहतो. इथली हवा रेडिओच्या दृष्टीने अतिशय गलिच्छ आहे. 2.4 गिगाहर्ट्झवर घराघरातलं वायफाय आहे. 902 ते 928 मेगाहर्ट्झ हा पट्टा अमेरिकेत विनापरवाना वापरता येतो, म्हणून तिथेही झुंबड. टोल कापणारा फास्टट्रॅकचा टॅग याच पट्ट्यात बोलतो आणि शेजारच्या सॅन होजेतले विजेचे स्मार्ट मीटरही. या कलकलाटात दोनशे मीटरवरच्या विमानाला तुमचा हुकूम नक्की ऐकू जावा, यासाठी जो शिलकी जोर लागतो, तो लांब पल्ल्याचं मॉड्यूल देतं. पल्ला हा त्या शिलकीचा हिशेब आहे. खर्च करायलाच हवा असं नाही.

हा जोर येतो कुठून? बहुतेक जण म्हणतील, वॅटमधून. खरं श्रेय ‘लोरा’ नावाच्या तंत्राला आहे. फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथल्या सायक्लिओ या छोट्या कंपनीने ते विकसित केलं आणि 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. मूळ हेतू काय, तर मीटरचं रीडिंग दुरून घेणं! लोरात प्रत्येक चिन्ह म्हणजे खालून वर चढत जाणारी एक शीळ असते. शिळेची चढण ठाऊक असल्यामुळे रिसीव्हर तिला गोंगाटाच्या पातळीखालूनही उचलतो. याच चिपांवर हौशी मंडळींनी ‘एक्सप्रेसएलआरएस’ ही मुक्त प्रणाली उभी केली. आज मी कुणालाही आधी तीच सुचवतो. स्वस्त आहे आणि आत काय चाललंय ते झाकून ठेवत नाही.

आता जोडणी. रिमोटच्या पाठीवरच्या खणात मॉड्यूल बसवलं की लगेच चालू करायची घाई नको. आधी अँटेना. अँटेनाशिवाय चालू केलेल्या मॉड्यूलची शक्ती बाहेर पडायला वाट न मिळाल्याने उलटी फिरते आणि शेवटचा अँप्लिफायर जळू शकतो. अँटेना लावतानाही तिच्या तोंडात डोकावून बघा. एसएमए आणि आरपी-एसएमए या दोन जोडण्यांचे आटे सारखेच, त्यामुळे एक दुसरीवर बिनतक्रार फिरते. पण चुकीची जोडी जमली तर दोन्हीकडे मधोमध नुसतं भोक येतं, पिन कुठेच नाही. बाहेरून सगळं घट्ट आणि आत काहीच टेकलेलं नाही. “रेंजच मिळत नाही” म्हणत आणलेलं मॉड्यूल मी आधी या जागी तपासतो.

मग रिमोटच्या पडद्यावर त्या मॉडेलचं पान उघडून आतला रेडिओ बंद करायचा, बाहेरचा चालू करायचा आणि प्रोटोकॉल म्हणून सीआरएसएफ निवडायचा. मॉड्यूल आणि रिसीव्हर या दोघांच्या फर्मवेअरमध्ये एकच बाइंडिंग फ्रेज हवी, आणि आवृत्तीही त्याच पिढीची. दुसऱ्या पिढीचं मॉड्यूल तिसऱ्या पिढीच्या रिसीव्हरशी बोलत नाही. फ्रेज स्वतःची ठेवा. मैदानावर दोघांनी एकच सोपा शब्द निवडला तर काय होईल ते सांगायला नको.

रिसीव्हरची अँटेना हा दुर्लक्षित पण निर्णायक भाग. आपलं मॉड्यूल चालतं त्या 915 मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 33 सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या तरंगाची टी-आकाराची अँटेना साडेसोळा सेंटीमीटरच्या आसपास. तिचे दोन्ही हात सरळ ताणलेले, कार्बन फायबरपासून आणि बॅटरीपासून लांब, शक्यतो उभे. अशा अँटेनाच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच जात-येत नाही. रिमोटची अँटेना भाल्यासारखी विमानावर रोखून धरणारे बरेच दिसतात. ते नेमकी आंधळी बाजू पुढे करत असतात.

वॅटविषयी बोलायलाच हवं, कारण लोक पैसे तिथेच घालवतात. अंतर दुप्पट करायचं तर शक्ती चौपट लागते. 100 मिलिवॅटवरून 1 वॅटवर उडी मारली तरी पल्ला जेमतेम सव्वातीनपट. याउलट पॅकेट रेट, म्हणजे हुकूम पाठवण्याचा वेग, सेकंदाला 200 वरून 50 वर आणला, तर रिसीव्हरची संवेदनशीलता उणे 112 वरून उणे 120 डीबीएमवर जाते. ही 8 डेसिबलची कमाई म्हणजे शक्ती सहापट केल्यासारखी, तीही फुकट आणि मॉड्यूल न तापवता. शर्यतीचं ड्रोन असेल तर 200 ठेवा; ग्लायडरला 50 पुरे. इथे 1 वॅटच्या वर जायला तसाही वाव नाही. काही इंजिनिअर मित्रांना वाटतं की हॅम रेडिओचा (हौशी रेडिओचा) परवाना काढला की मोकळं रान. टेक्निशियनची परीक्षा जरूर द्या, 35 प्रश्नांतले 26 बरोबर आले की पास. पण मॉडेल चालवण्यासाठी हॅमलाही मर्यादा 1 वॅटचीच आहे.

उडवण्याआधी मॉड्यूल सर्वांत कमी शक्तीवर, म्हणजे 10 मिलिवॅटवर आणा, मॉडेल जमिनीवर ठेवा आणि रिमोट घेऊन चालत लांब जा. मध्येच पाठ फिरवा, म्हणजे तुमचं शरीर आड येईल. लिंक क्वालिटीचा आकडा किती ढासळतो ते बघा. मग पंखे काढून ठेवा आणि रिमोट सरळ बंद करा. मोटर थांबली पाहिजे. पीडब्ल्यूएम रिसीव्हर लावलेल्या विमानात हे वेगळं ठरवून द्यावं लागतं. कारण फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर काय करायचं तो हुकूम, ‘शेवटची स्थिती धरून ठेव’ असा लावलेला असेल, तर अर्ध्या थ्रॉटलवर संपर्क तुटलेलं विमान निमूटपणे 101 हायवेच्या दिशेने जात राहील. ही तपासणी केल्याशिवाय मी कुणाच्याही उड्डाणाला उभा राहत नाही.

उडवायचं कुठे, हा वेगळाच विषय. सॅन होजेचा विमानतळ गावाला खेटून असल्याने सांता क्लाराचा बराच भाग नियंत्रित हवाई क्षेत्रात येतो आणि तिथे आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतलं असलं तरीही. त्यात लिवाय्ज स्टेडियमवर फोर्टीनायनर्सचा सामना असला की आधी एक तास ते नंतर एक तास, तीन नॉटिकल मैलांत उड्डाण बंद. म्हणून आम्ही सरळ मॉर्गन हिलला, काउंटीच्या मॉडेल एअरक्राफ्ट स्कायपार्कवर जातो. लांब आहे, पण पक्की धावपट्टी आहे आणि चुका दाखवणारी जुनी खोडं आहेत.

शेवटी सुट्टीत पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांसाठी. बॅगेत हे मॉड्यूल टाकून नेऊ नका. अमेरिकी सेटिंगवर ते साधारण 903 ते 927 मेगाहर्ट्झमध्ये चाळीस जागी उड्या मारतं. भारतात 915 पर्यंतचा भाग मोबाइल फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींचा आहे, म्हणजे जवळजवळ निम्म्या उड्या थेट मोबाइल कंपन्यांच्या अंगणात पडतील. भारतात विनापरवाना पट्टा 865 पासून सुरू होतो आणि एक्सप्रेसएलआरएसमध्ये त्याचं वेगळं सेटिंग आहे, पण त्यात उड्या मारायला जागा चारच. शिवाय तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, त्यामुळे भाच्यासाठी नेलेली ड्रोनची भेट विमानतळावरच अडकेल. त्याला मॉड्यूल तिथलंच, तिथल्या मंजुरीचं घेऊन द्या. जोडायचं कसं ते व्हिडिओ कॉलवर शिकवता येतं.