पडद्यावरची पालखी

आमच्या आईने आयुष्यात माझ्याजवळ फारसे काही मागितले नाही. जे एक मागितले, ते मी सहा वर्षे तहकूब करीत आलो. माघ पौर्णिमेच्या जत्रेला मंगेशीस घेऊन चल, एवढेच तिचे मागणे. पहिल्या वर्षी माझा एक दावा अखेरच्या युक्तिवादाला आला होता. दुसऱ्या वर्षी मुलीची परीक्षा होती. पुढल्या वर्षांची कारणे आता मलाही आठवत नाहीत. न्यायालयात प्रतिपक्षाने इतक्या तारखा मागितल्या असत्या तर मी कडाडून हरकत घेतली असती. आईने ती कधी घेतली नाही. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी रात्री काचीगुडा स्थानकावरच्या गाडीचा भोंगा ऐकू येतो. तो वाजला की जपाची माळ ओढणारे तिचे बोट क्षणभर थांबे, इतकेच.

यंदा तिचे गुडघे आणि हृदय पाहून डॉक्टरांनीच निकाल दिला : लांबचा प्रवास आता नाही. या निकालावर अपील नव्हते.

त्यानंतर गोव्याच्या मामेभावाने जत्रेतल्या पालखीचे चित्रण पाठवले. मी मोबाइल आईपुढे धरला. तिने चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाली, "पुता, म्हाका फकत उजवाड दिसता." तळहाताएवढ्या काचेत तिला उजेडापलीकडे काही दिसत नव्हते. दिवाणखान्यात मोठा दूरदर्शन संच होता. चित्रण लॅपटॉपवर उतरवून घेतलेलेच होते. दोहोंमध्ये हातभर अंतर. ते जोडण्याची विद्या मात्र मजजवळ नव्हती.

कपाटात एक जुनी निळ्या तोंडाची केबल सापडली. मुलीने ती पाहून हसूच दाबले. ती व्हीजीए जातीची, १९८७ च्या सुमाराची रीत. चित्र नेते, आवाज नेत नाही, आणि आमच्या संचाला तिच्याजोगे तोंडही नव्हते. मग कोटीच्या गुजराती गल्लीत जाऊन एचडीएमआय केबल आणली. २००२ साली ठरलेल्या या पद्धतीत एकोणीस बारीक टोकांच्या एकाच चपट्या तोंडातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात.

केबल लावली, तरी संचावर 'सिग्नल नाही' एवढीच अक्षरे. केबल ज्या तोंडात खोचली त्याचाच क्रमांक रिमोटवर निवडावा लागतो, हे मुलीने दाखवले. मग पडदा उजळला. पण त्यावर नुसते निळे आकाश, आणि पालखी लॅपटॉपवरच. लॅपटॉपने संचाला आपल्या पडद्याचा वाढीव तुकडा मानले होते. विंडोजची कळ आणि 'पी' ही कळ एकदम दाबल्यावर चार पर्याय पुढे आले. त्यांतला 'डुप्लिकेट' निवडला, तेव्हा दोन्हीकडे एकच चित्र उमटले. पालखी हलू लागली, पण ढोल-ताशांचा नाद लॅपटॉपच्या पोटातूनच क्षीणपणे येई. "वाजप खंय?" आईने विचारले. आवाज कोठून निघावा हेही वेगळे सांगावे लागते. ते सांगितले, आणि सनईने खोली भरून गेली.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. चित्र पाठवण्यापूर्वी ही दोन यंत्रे एकमेकांची ओळख करून घेतात. आपला पडदा केवढा, किती बारकावा झेपेल, हे संच आधी सांगतो आणि लॅपटॉप त्याप्रमाणे पाठवतो. समोरच्याची शक्ती विचारून मग द्यावे, हे शहाणपण मी माझ्या आईच्या बाबतीत सहा वर्षे दाखवले नव्हते.

पुन्हा सुरुवातीपासून लावायचे ठरले. आईने मध्येच थांबवून समई लावायला सांगितली आणि मला म्हणाली, "पांयांतलें काड." मी चपला बाहेर ठेवल्या. १९८७ साली 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हा लोक दूरदर्शनच्या संचाला हार घालीत. मी तेव्हा लहान होतो. पुढे महाविद्यालयात त्या लोकांना हसणाऱ्यांत मीही असे. आज मी अनवाणी उभा होतो.

उभ्या उभ्या माझ्यातला वकील मात्र जागा झाला. मूळ दस्तऐवज हजर करा. नक्कल चालणार नाही, हा पुराव्याच्या कायद्याचा पहिला धडा. मूळ हजर करता येत नसेल तर नक्कल चालते. पण एक अट आहे. ते हजर न करण्यास स्वतःची कसूर वा हयगय कारण असता कामा नये. १८७२ च्या कायद्यात ही अट होती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. मी ज्या आधारावर ही नक्कल पुढे करीत होतो, तो आधारच मला उपलब्ध नव्हता. हयगय माझी होती.

देवाच्या बाजूने मात्र अडचण नसावी. १५६० साली कुठ्ठाळीहून श्रीमंगेशाला जुवारी ओलांडून अंत्रुज महालात प्रियोळला आणले, तेव्हा भक्तांना स्थळ सोडावे लागले आणि देवाने भक्तांची सोबत केली. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या खटल्यात १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलनेही म्हटले, की देवता ही नुसती जंगम वस्तू नव्हे. तिने कोठे असावे यात तिच्या इच्छेचा मान ठेवला पाहिजे. आणि आपल्या परंपरेने तर हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. गाभाऱ्यातले दैवत जागचे हलत नाही, म्हणूनच उत्सवमूर्ती पालखीत बसून बाहेर येते. पालखीला कोणी नक्कल म्हणत नाही. देव निर्दोष सुटला. राहता राहिलो मी.

पडद्यावर सात मजली दीपस्तंभ उजळला होता. पालखी वळणावर आली तेव्हा आई खुर्चीचे हात धरून उठली. डॉक्टरांची आज्ञा मला आठवली, पण मी तिला बसवले नाही. नुसता आधार दिला. तिचे हात जोडलेले होते आणि ओठ हलत होते. इतक्यात पडदा काळा झाला. घाईत मी लॅपटॉपला विजेची तार जोडायचीच विसरलो होतो. बॅटरी संपली होती. मी ओशाळून तार शोधू लागलो.

"सोद नाका," आई म्हणाली. "देव भितर सरले."

ती सावकाश बसली. थोड्या वेळाने म्हणाली, की मामेभावाला सांग, पुढल्या खेपेला जरा डावीकडे उभा राहा, खांब आड येतो. पुढल्या खेपेला! तिने माझ्याविरुद्ध काहीच नोंदवून ठेवले नव्हते. मी होय म्हटले, आणि जन्मात प्रथमच तिच्यापुढे तारीख न मागता, तिच्या देखत मामेभावाला फोन लावला.